काउंटरवरचा हात न अडखळता कोहाचा इंटरफेस कसा बदलायचा

ओपन सोर्समध्ये काम सुरू करायचंय असं म्हणणाऱ्या दहातल्या सात-आठ मुलामुलींचं पहिलं वाक्य असतं की ह्याचा इंटरफेस फार जुना वाटतो, मी तो नवीन करून देतो. हेतू चांगला असतो, कामाची गरजही खरी असते, पण सुरुवात बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने होते, म्हणजे कोरं पान घ्यायचं, त्यावर रिॲक्ट हे पानं बांधायचं फ्रेमवर्क टाकायचं, छान कार्ड आणि गोल कोपरे करायचे आणि तीन महिन्यांनी लक्षात येतं की जुन्या पानावर ज्या चाळीस बारीक गोष्टी होत्या त्यातल्या पंचवीस नव्यात नाहीत. मग ते काम तसंच कुठल्यातरी ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या बाजूला काढलेल्या प्रतीत, पडून राहतं. हे होऊ नये म्हणून मी जसं करतो तसं सगळं इथे लिहितोय, आणि हवेत बोलण्यापेक्षा एकच प्रोजेक्ट धरून लिहितो, तो म्हणजे कोहा.

कोहा माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. हे लायब्ररी चालवायचं सॉफ्टवेअर आहे, पुस्तकांची नोंद, देवघेव, सभासद, दंड, खरेदी सगळं त्यात होतं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी सिस्टिम वाय-टू-के, म्हणजे सालाचे दोनच आकडे ठेवल्यामुळे २००० साली येणारी अडचण, पार करणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये कटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीने हे लिहिलं आणि ३ जानेवारी २००० ला ते चालू झालं. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट, देणगी. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांच्या लायब्रऱ्यांत आज हेच चालतं. वाचकाला दिसतो तो भाग ओपॅक आणि कर्मचारी वापरतात तो स्टाफ इंटरफेस. मागे पर्ल ही भाषा आहे, पानांचे साचे टेम्प्लेट टूलकिटमध्ये लिहिलेले आहेत, पुढे दिसण्यासाठी बूटस्ट्रॅप, हालचालीसाठी जेक्वेरी, तक्त्यांसाठी डेटाटेबल्स आणि काही ठिकाणी आता व्ह्यू हे जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क. पंचवीस वर्षांचे थर एकावर एक बसलेत म्हणूनच शिकायला यासारखं उदाहरण नाही.

आधी दोन दिवस काउंटरवर बसा

हा टप्पा बहुतेक जण सोडतात आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. ओळखीच्या लायब्ररीत परवानगी घेऊन देवघेवीच्या टेबलाजवळ खुर्ची टाकून बसायचं, काही सांगायचं नाही, नुसतं बघायचं आणि वहीत लिहायचं. हात कुठे जातो, नजर कुठे अडते, कुठल्या बटनावर दोनदा क्लिक होतं, कुठला कागद मॉनिटरला चिकटवलाय.

मी बसलो तेव्हा दिसलं की देवघेव करणाऱ्या मॅडम स्क्रीनकडे जवळजवळ बघतच नव्हत्या. ऑल्ट आणि यू दाबलं की पुस्तक द्यायचा टॅब, ऑल्ट आणि आर दाबलं की परत घ्यायचा, ऑल्ट आणि क्यू म्हणजे कॅटलॉग शोध, मग स्कॅनर पुस्तकाच्या पाठीवर, टीं असा आवाज, पुढचं पुस्तक. रांगेत पंधरा मुलं उभी असताना त्यांचा वेग या तीन की आणि स्कॅनरवर टिकून होता. पान जुनाट दिसतं ही त्यांची तक्रारच नव्हती. त्यांची तक्रार होती की दंड बाकी असल्याचा निरोप आणि साधा निरोप एकाच रंगात येतो आणि चष्मा नसेल तर वाचताच येत नाही. मी मात्र मनात धरून गेलो होतो की मेन्यू बदलायचा.

वहीतून दोन याद्या काढायच्या. एक, काय मोडता कामा नये. दोन, काय रोज त्रास देतं. पहिली यादी लांब झाली नाही तर समजा की तुम्ही नीट बघितलं नाहीत.

स्कॅनरबद्दल इथेच सांगून टाकतो कारण यात मी स्वतः मार खाल्लाय. बारकोड स्कॅनर हा कॉम्प्युटरच्या लेखी साधा कीबोर्ड असतो, तो आकडे टाईप करतो आणि सहसा शेवटी एंटर दाबतो, बस. म्हणजे पान उघडल्यावर कर्सर बारकोडच्या चौकटीत असलाच पाहिजे आणि एक पुस्तक झाल्यावर परत तिथेच आला पाहिजे. मी एका लायब्ररीसाठी परत घ्यायचं पान बदललं, निरोप छान पॉपअपमध्ये दाखवला, पॉपअप बंद झाल्यावर फोकस कुठेच नव्हता आणि पुढची सहा-सात पुस्तकं स्कॅन झाली असं वाटलं पण झालीच नाहीत, ती मुलांच्या नावावर तशीच राहिली. आवाज तर येत होता, कारण तो टीं स्कॅनरचा स्वतःचा असतो. दुसऱ्या दिवशी मुलांना दंडाचे मेसेज गेले आणि मला ते आजही वाईट वाटतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक टेस्टमध्ये पहिली ओळ हीच असते, पान उघडलं, माउसला हात न लावता वीस बारकोड, वीसच्या वीस नोंदले गेले का.

स्वतःच्या लॅपटॉपवर उभं करा

चालू सर्व्हरवर प्रयोग करायचे नाहीत, कधीच नाही. कोहासाठी कोहा टेस्टिंग डॉकर नावाची तयार सोय आहे, सगळे त्याला केटीडी म्हणतात. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं) आणि गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं) टाकायचं, केटीडीचा आणि कोहाचा कोड क्लोन करायचा, त्याच्या रीडमीप्रमाणे दोन-तीन व्हेरिएबल सेट करायची आणि केटीडी अप म्हणायचं. पहिल्या वेळी डाउनलोडला वेळ जातो, मग ८०८० पोर्टवर ओपॅक आणि ८०८१ वर स्टाफ इंटरफेस, आत नमुन्याची पुस्तकं आणि सभासदही भरलेले असतात. मोडलं तर बंद करून परत चालू करायचं, कोरं करकरीत मिळतं.

नमुन्याच्या डेटात मराठी पुस्तकं नसतात, ती तुम्हीच भरा. वीस-तीस नोंदी पुरेत पण त्या अवघड हव्यात, लांब शीर्षकं, जोडाक्षरं, एका नोंदीत तीन लेखक, रोमनमध्ये लिहिलेलं मराठी शीर्षक, देवनागरी आणि इंग्रजी मिसळलेलं शीर्षक. पुढे यावरच सगळं उघडं पडतं.

एक गोष्ट माहीत नसेल तर आठवडा वाया जातो. कोहामध्ये पानांचे साचे इंग्रजीच्या फोल्डरमध्ये असतात आणि बाकी भाषांचे फोल्डर भाषांतराच्या फायलींवरून आपोआप तयार होतात. बदल फक्त इंग्रजीच्या साच्यात करायचा. मराठी पानावर दिसत नाही म्हणून कुणी मराठीच्या फोल्डरमध्ये जाऊन हाताने बदल केला तर पुढच्या अपडेटला तो पुसला जातो. भाषा परत तयार करायची कमांड चालवायची, मग तिकडे दिसतं.

हात लावण्याआधी मोजून ठेवा

आता कोडमध्ये शिरायचं पण लिहायला नाही, मोजायला. गिट ग्रेप ही कोडमध्ये शब्द शोधायची कमांड वापरून बघायचं की टॅगमध्येच लिहिलेली स्टाईल किती ठिकाणी आहे, ऑनक्लिक असं थेट टॅगमध्ये किती ठिकाणी आहे, मांडणीसाठी टेबल टॅग कुठे वापरलाय, जेक्वेरीचे कुठले प्लगइन आहेत आणि त्यांचं शेवटचं व्हर्जन कधी आलं होतं. ज्याचा सपोर्ट संपलाय ते यादीत वर घ्या. बूटस्ट्रॅप ३ चा सपोर्ट जुलै २०१९ मध्ये संपला, कोहाची स्टाफची बाजू त्यावरून थेट बूटस्ट्रॅप ५ वर गेली ती २४.११ मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२४ ला. एवढा उशीर आळसामुळे झाला असं मी म्हणणार नाही, शेकडो पानं आहेत आणि प्रत्येक पान कुणाच्या तरी रोजच्या कामाचं आहे. पण यातून एवढं समजतं की फ्रेमवर्क निवडताना ते आज किती छान आहे यापेक्षा पाच वर्षांनी ते सोडायला किती जड जाईल हे आधी बघायचं. अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कचं आयुष्य २०२१ च्या डिसेंबरअखेर संपलं तेव्हा ज्यांनी सगळं ॲप त्यात बांधलं होतं त्यांना ते जवळजवळ पुन्हा लिहावं लागलं.

मग स्क्रीनशॉट. महत्त्वाची पंधरा-वीस पानं, मोबाईलच्या रुंदीत, लॅपटॉपच्या रुंदीत, इंग्रजीत आणि मराठीत. प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टूलने हे आपोआप होतं आणि नंतर बदल झाल्यावर जुन्या-नव्या चित्रातला फरक तो स्वतः दाखवतो. कोहामध्ये सायप्रस या तशाच टूलच्या टेस्ट आहेत, त्या वापरा आणि ज्या पानाला टेस्ट नाही त्याला आधी टेस्ट लिहा, मग बदला. हे कंटाळवाणं आहे, पण याच टेस्टमुळे पुढे तुमचा पॅच (पाठवलेला कोडचा बदल) बघणाऱ्याचा तुमच्यावर विश्वास बसतो.

लाइटहाऊस हे पानाचा वेग मोजणारं टूलही चालवून आकडे लिहून ठेवा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, टच केल्यावर २०० मिलिसेकंदांत काहीतरी हलावं आणि पान उड्या मारत असेल तर तो आकडा ०.१ च्या खाली असावा, असे साधारण धरलेले निकष आहेत. मोजताना मोबाईलचं स्लो नेटवर्क निवडा, कॉलेजच्या वायफायवर पन्नास मुलं असतात तेव्हा काय होतं ते मग कळतं.

खालून वर जायचं

आता खरं काम. माझा क्रम ठरलेला आहे, आधी रंग, अंतर आणि अक्षरं, मग टॅग, मग जावास्क्रिप्ट, आणि पानाची मांडणी सगळ्यात शेवटी. लोक बरोबर उलटं करतात कारण मांडणी डोळ्याला दिसते.

रंगांसाठी सीएसएस व्हेरिएबल करा. कोहात स्टाईल एससीएसएस या सीएसएसच्या विस्तारित रूपात लिहिलेली असते आणि यार्न बिल्ड ही कमांड चालवल्यावर सीएसएस बनते. एकच हिरवा पाच वेगवेगळ्या कोडने लिहिलेला सापडतो, त्याला एक नाव द्या, आणि नाव रंगावरून देऊ नका, कामावरून द्या. इशारा-पार्श्वभूमी, धोका-अक्षर असं. मग त्या मॅडमची दंडाची तक्रार दोन ओळींत सुटते आणि कुणाला कॉलेजचा रंग हवा असेल तर तोही एका जागी बदलतो. साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा, हा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा, नियम आहे. फिकट राखाडीवर राखाडी ही जी आधुनिक दिसण्याची फॅशन आहे ती इथे नापास होते. आणि नुसत्या रंगावर अवलंबून राहायचं नाही, सोबत शब्द किंवा खूण पाहिजेच, लाल-हिरवा वेगळा न दिसणारे लोक काउंटरच्या दोन्ही बाजूंना असतात.

हा पहिला टप्पा पूर्ण झाला तरी पान ओळखीचंच दिसतं, फक्त स्वच्छ दिसतं. कोणाचंही काम अडत नाही. इथेच थांबलात तरी प्रोजेक्टला फायदा झालेला असतो, आणि प्रत्येक टप्पा असाच हवा की मध्येच परीक्षा आली, नोकरी लागली, घरी अडचण आली आणि तुम्ही थांबलात तरी मागे अर्धवट काही राहणार नाही.

देवनागरी ही नंतर बघायची गोष्ट नाही

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इंग्रजीत काम करणाऱ्या बाकीच्या लोकांना हे दिसतच नाही आणि आपल्याला दिसतं, म्हणून हे आपणच करायला पाहिजे.

ओळीची उंची. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीला पुरणारी उंची आपल्याला कमी पडते. मी मजकुराला १.६ ते १.७ ठेवतो. बटनाला ठराविक पिक्सेलची उंची दिली असेल आणि बाहेर गेलेलं लपवा असं लिहिलं असेल तर "पूर्ण" मधला रफार नाहीतर ऊकार कापला जातो. उंची देऊच नका, आतलं अंतर द्या.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह इंग्रजी शीर्षकांत होतो, पण तोच नियम देवनागरीला लागला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे लोंबताना दिसतात. भाषेप्रमाणे नियम लिहून मराठीला ते शून्य करा. तिरक्या अक्षरांचंही तसंच आहे, देवनागरीच्या बहुतेक फाँटमध्ये खरा तिरका प्रकार नसतो, ब्राउझर अक्षरं नुसती ढकलून वाकवतो, शीर्षक तिरकं दाखवायची सवय असेल तर मराठीत ते सरळ आणि थोडं जाड करा.

फाँट मुक्त परवान्याचाच घ्या. नोटो सान्स देवनागरी आहे, मुंबईच्या एक टाईपचा मुक्ता आहे, दोन्ही चांगले आहेत. आपल्या सर्व्हरवरूनच द्या, वॉफ-टू या वेबसाठी लहान केलेल्या फाँटफाईलच्या प्रकारात, दोनच वजनं ठेवा आणि फाँट येईपर्यंत मोबाईलचा स्वतःचा फाँट दिसू द्या.

पानाच्या भाषेचा लँग ॲट्रिब्यूट. हा दोन अक्षरांचा असतो आणि लोक त्याला शोभेचा समजतात. मराठीचा ल आणि श हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे असतात हे आपल्याला माहीत आहेच, काही चांगल्या फाँटमध्ये ही दोन्ही वळणं असतात आणि भाषा मराठी आहे हे कळलं तरच ते मराठी वळण दाखवतात. दुसरं म्हणजे स्क्रीन रीडर, दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. एनव्हीडीए हा मुक्त स्क्रीन रीडर मराठी वाचू शकतो, पण पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली असेल तर मराठी शीर्षकसुद्धा तो इंग्रजी आवाजाने वाचायला जातो आणि काहीच कळत नाही.

इथे कोहामध्ये एक सुंदर संधी आहे. मार्क हा पुस्तकांच्या नोंदीचा ठरलेला साचा, त्यात ००८ या फील्डमध्ये ३५ ते ३७ या जागांवर भाषेचा तीन अक्षरी कोड असतो, ग्रंथपालांनी तो वर्षानुवर्षं भरलेला असतो. तो वाचून शीर्षकाच्या टॅगला योग्य भाषा लावता येते, म्हणजे पान इंग्रजी असलं तरी त्यातलं मराठी शीर्षक मराठी म्हणून ओळखलं जातं. दोन काळज्या घ्या. मार्कचा कोड तीन अक्षरी असतो आणि एचटीएमएलला मराठीसाठी दोन अक्षरी लागतो, म्हणजे मध्ये एक तक्ता लागेल. आणि शीर्षक खरंच देवनागरीत आहे का ते आधी तपासा, कारण बऱ्याच जुन्या नोंदी रोमनमध्ये टाईप केलेल्या आहेत.

आता शोध. वाचकासाठी इंटरफेस म्हणजे शोधाची चौकटच. "दऱ्या" हा शब्द दोन प्रकारे टाईप होतो, एकात खाली नुक्ता असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साध्या र ला हलंत देऊन मध्ये न दिसणारा जोडणारा वर्ण टाकतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, कॉम्प्युटरला नाही. आणि हे एकच समजायच्या नादात सरसकट गाळलं तर आचाऱ्यांना आणि आचार्यांना एकच होऊन बसतात. "ॲ" चंही तसंच, एक अख्खा वर्ण आहे आणि दुसरा अ वर अर्धचंद्र देऊन केलेला, युनिकोड त्या दोघांना एक मानत नाही. म्हणजे नोंद करणाऱ्याने एका कीबोर्डवर टाईप केलं आणि वाचकाने दुसऱ्या, की पुस्तक कपाटात असूनही सापडत नाही आणि वाचक समजतो की लायब्ररीत नाही. कोहाचा शोध झेब्रा किंवा इलॅस्टिकसर्च या इंजिनावर चालतो. झेब्रा वापरत असाल तर इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठीची सूची बनवणं, आयसीयू या युनिकोड हाताळणाऱ्या कोडवर ठेवा, इलॅस्टिकसर्च असेल तर त्याचं आयसीयू प्लगइन टाका, आणि त्यानंतरही वरच्या जोड्या स्वतः टाईप करून तपासा, जिथे जुळत नाही तिथे इंडेक्सिंगच्या बाजूला एकसारखं करायचा नियम द्या. सगळ्यात देखणं नवं पान करूनही हे राहिलं तर मराठी वाचकासाठी काहीच सुधारलं नाही असं मी मानतो.

लांब शीर्षक कापतानाही जावास्क्रिप्टमध्ये पहिले तीस वर्ण घ्या असं लिहू नका, तो काना-मात्रेच्या मधूनच कापतो. कापायचं काम सीएसएसवर सोडा, किंवा ब्राउझरमधलं इंटल सेगमेंटर हे अक्षरांच्या सीमा ओळखणारं साधन वापरा.

टॅग आणि कीबोर्ड

बटन असेल तर बटन टॅग, लिंक असेल तर लिंक. डिव्ह या साध्या खोक्याच्या टॅगला क्लिक लावून केलेली बटनं शोधून बदलायची, कारण त्यांच्यावर टॅब की जात नाही. प्रत्येक चौकटीला लेबल. शीर्षकांची पातळी क्रमाने. डब्ल्यूसीएजी २.२ ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं, त्यात बोटाने दाबायच्या गोष्टी किमान २४ बाय २४ पिक्सेलच्या असाव्यात असं आहे, मी मोबाईलवर ४४ पर्यंत नेतो. आपल्याकडे दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा आहे आणि सरकारी वेबसाईटसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आहेत, त्यामुळे कॉलेजच्या वरिष्ठांना पटवताना हा मुद्दा कामाला येतो. पण खरी तपासणी म्हणजे माउस काढून ठेवायचा आणि एक पुस्तक शोधून राखून ठेवायचं. जमलं तर ठीक, कुठे अडकलात तर ते तुमचं पुढचं काम.

जावास्क्रिप्ट किती आणि कुठे

कोहाने २२.११ मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टाफ इंटरफेसला नवं रूप दिलं आणि त्याच व्हर्जनमध्ये ई-रिसोर्स मॅनेजमेंटचा, म्हणजे ऑनलाइन साहित्य सांभाळायचा, नवा विभाग व्ह्यूमध्ये आला. बघण्यासारखं हे आहे की व्ह्यू त्यांनी आधी नव्या विभागात आणलं, देवघेवीचं जुनं पान उखडून तिथे बसवलं नाही. मला हाच मार्ग योग्य वाटतो. नवीन तंत्र नव्या खोलीत आणा, जिथे कुणाची सवय मोडत नाही, तिथे ते मुरलं, टेस्ट झाल्या, आणखी दोन-तीन लोकांना त्यात लिहिता यायला लागलं की मग जुन्या खोलीचा विचार करा.

जेक्वेरी एका झटक्यात काढायच्या मागे लागू नका. ज्या फाईलला काही कारणाने हात लागतोय तिच्यातलं काढा. बूटस्ट्रॅप ५ ला जेक्वेरी लागत नाही, पण जुन्या पानांत डेटा-टॉगल लिहिलेलं असतं ते आता डेटा-बीएस-टॉगल झालंय, डावी-उजवी मार्जिन सांगणाऱ्या क्लासची नावं बदललीत, आणि हे राहून गेलं की एरर येत नाही, मेन्यू फक्त उघडत नाही. म्हणून ग्रेप, आणि मग प्रत्येक पान हाताने.

मोठ्या तक्त्यांत खरा वेग मिळतो. पाच हजार ओळी एकदम पानात ओतण्यापेक्षा रेस्ट एपीआयमधून, म्हणजे सर्व्हरकडून हवा तेवढाच डेटा मागायच्या सोयीतून, वीस-वीस मागवा, कोहात त्याची सोय आहे, आणि स्वस्त मोबाईलवर फरक लगेच जाणवतो. तारखेची चौकट, फाईल चढवणं, उघड-बंद होणारा भाग अशा ज्या गोष्टी ब्राउझर स्वतः करतो त्यासाठी नवी कोडची लायब्ररी आणायच्या आधी थांबून विचार करा.

सुरक्षेचं इथेच. टेम्प्लेटमध्ये जे जे व्हेरिएबल छापता त्याला एचटीएमएल फिल्टर लावायचा, नाहीतर कुणीतरी पुस्तकाच्या रिव्ह्यूमध्ये स्क्रिप्ट लिहून जाईल. आणि २४.०५ पासून डेटा बदलणाऱ्या फॉर्मना पोस्ट पद्धत आणि सीएसआरएफ टोकन (फॉर्म खरंच याच साइटवरून आलाय हे पटवणारी खूण) सक्तीचं झालंय, जुन्या व्हर्जनवरचा फॉर्म कॉपी करून आणलात तर तो चालणार नाही.

वाक्यं तोडू नका

भाषांतर हा इंटरफेसचाच भाग आहे. इंग्रजीत "रिटर्न्ड" हा एकच शब्द पुस्तक, सीडी आणि मासिकाचा अंक तिघांनाही चालतो, मराठीत पुस्तक परत केलं, सीडी परत केली, अंक परत केला. भाषांतर करणाऱ्याला फक्त तो एक शब्द मिळाला तर तो काय लिहिणार? म्हणून वाक्य असं लिहा की लिंग आडवं येणार नाही, "परतीची नोंद झाली" असं मराठीत करता येईल एवढी मोकळीक मूळ वाक्यात हवी. तसंच "दहापैकी तीन" मध्ये आपण आकडे उलट क्रमाने म्हणतो, त्यामुळे वाक्याचे तुकडे कोडमध्ये जोडू नका, पूर्ण वाक्य द्या आणि आकड्यांच्या जागा सोडा. जावास्क्रिप्टमधली वाक्यंही भाषांतरासाठी असलेल्या फंक्शनमधूनच न्या. मराठी शब्द इंग्रजीपेक्षा कधी दीडपट लांब होतात, बटनं ताणली जातील अशीच ठेवा.

पॅच पाठवताना

तुमच्या लायब्ररीपुरतं ओपॅक-यूजर-सीएसएस आणि ओपॅक-यूजर-जेएस या सेटिंगमध्ये लिहून काम भागतं आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण ते दर अपडेटला मोडतं आणि दुसऱ्या कुणाला मिळतही नाही. तिथे प्रयोग करा आणि चाललं की मूळ प्रोजेक्टला पाठवा.

कोहात त्याची रीत अशी आहे. बगझिला या अडचणी नोंदवायच्या साइटवर आधी शोधायचं, कुणी आधीच मांडलंय का. नसेल तर नवा बग उघडायचा, काय त्रास आहे ते लिहायचं, उपाय नंतर. पॅचच्या संदेशात बग नंबर, काय बदललं, आणि टेस्ट प्लॅन, म्हणजे पायरीपायरीने की हे उघडा, हे दाबा, आधी असं दिसेल, पॅच लावा, आता असं दिसेल. मग स्टेटस नीड्स साइनऑफ. दुसरा माणूस तो टेस्ट प्लॅन करून सही करतो, मग क्यूएचा, म्हणजे दर्जा तपासणारा, माणूस कोड बघतो, आणि शेवटी रिलीज मॅनेजर तो मुख्य कोडमध्ये घेतो. लेखक सोडून किमान दोन जणांच्या नजरेखालून जातंच. साइनऑफ करायला प्रोग्रॅमर असायची गरज नाही, लायब्ररीतली माणसं करू शकतात आणि करतात. मराठी लायब्ररीवाल्यांनी यात यावं असं मला मनापासून वाटतं, केटीडीशिवायही ब्राउझरमध्ये तपासायला सँडबॉक्स, म्हणजे प्रयोगासाठीचे तयार कोहा, मिळतात.

पॅच छोटा ठेवा. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. चाळीस फायलींचा रंग, मांडणी आणि जावास्क्रिप्ट एकत्र बदललेला पॅच कुणी उघडत नाही, दोन महिने पडून राहतो आणि मग लागतच नाही. मी आधी दहा जणांचे पॅच तपासतो आणि मगच माझा पाठवतो, त्याने ओळखही होते आणि काय खपवून घेत नाहीत तेही कळतं. इंटरफेसचा बदल असेल तर आधी-नंतरचे स्क्रीनशॉट जोडा, मोबाईलचेही.

विरोध होईल, आणि तो ऐकायचा. वर्डप्रेसने ६ डिसेंबर २०१८ ला ५.० मध्ये गुटेनबर्ग हा नवा एडिटर आणला तेव्हा खूप लोक चिडले, पण क्लासिक एडिटरचं प्लगइन सोबत ठेवल्यामुळे ज्यांना वेळ हवा होता त्यांना तो मिळाला. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२३ मध्ये नवं रूप आणलं, मजकुराची रुंदी कमी केली यावर भरपूर वाद झाला, पण रुंदी वाढवायचं बटन होतं आणि जुनं रूप सेटिंगमध्ये आजही मिळतं. कोहाने २०१३ मध्ये ३.१४ ला ओपॅकची बूटस्ट्रॅप थीम आणली तेव्हाही जुन्या थीम लगेच फेकल्या नव्हत्या. परत जायचा रस्ता उघडा ठेवला की लोक निवांतपणे नवीन बघतात.

लायब्ररीत चढवायचा दिवस

कोहाचं नवं व्हर्जन दर वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये येतं. आलं त्याच आठवड्यात चढवू नका, दोन-तीन दुरुस्त्या येऊ द्या. प्रवेशाचे दिवस, परीक्षेआधीचा महिना आणि वर्षअखेरची पुस्तक मोजणी टाळा. दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या चार दिवसांत मला सोयीचं वाटतं, कर्मचारी आलेले असतात आणि मुलं यायची असतात.

आधी चालू डेटाबेसची कॉपी वेगळ्या मशीनवर घेऊन तिथे अपग्रेड करून बघा. वर सांगितलेल्या दोन सेटिंगमध्ये आधीच्या कुणी काय काय लिहून ठेवलंय ते सगळं काढून वाचा, जे कशासाठी आहे ते कुणालाच माहीत नाही ते एकेक बंद करून बघा, माझ्या अनुभवात नव्या व्हर्जननंतर मोडलेली बहुतेक पानं या जुन्या ओळींमुळेच मोडलेली असतात. पावतीचा प्रिंटर विसरू नका, छापायची स्टाईल वेगळी असते आणि स्क्रीनवर सगळं ठीक दिसत असताना पावतीवर शीर्षक कापलेलं निघतं.

काउंटरवरच्या माणसाला आदल्या दिवशी अर्धा तास द्या. स्लाइड नकोत. त्यांच्याच खुर्चीत त्यांना बसवा, त्यांच्याच स्कॅनरने वीस पुस्तकं द्यायला आणि परत घ्यायला सांगा, तुम्ही शेजारी उभे राहा आणि पहिल्या दिवसासारखीच वही हातात ठेवा. जिथे हात थांबेल ते लिहून घ्या, त्याच रात्री बगझिलावर टाका, आणि सकाळी दार उघडायच्या आधी मागे जायची बॅकअप फाईल खरंच उघडते आहे ना ते एकदा बघून घ्या.